गाठ ओळखणारी लेन्स

नीतू कापगतेची लेन्स पहिल्यांदा ओरडली ती बोंडगावच्या एका बारशात. ऐन नाव ठेवायच्या वेळी कॅमेऱ्यातून "कींऽऽ" असा लांबलचक आवाज निघाला, पाळण्यातलं बाळ दचकून रडायला लागलं, आणि बाळाच्या आजीने नीतूकडे असं पाहिलं, जणू तिने पोराला चिमटाच काढला होता. "नवीन सेटिंग आहे जी," असं म्हणून नीतूने वेळ मारून नेली.

वेळ मारून नेण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. शाळेत असताना गृहपाठाची वही म्हशीने खाल्ली हे तिने बाईंना पटवून दिलं होतं, आणि वर म्हशीचं पोट बिघडलं म्हणून दोन दिवस घरी राहायची परवानगीही मिळवली होती. आता ती एकतीस वर्षांची होती. अर्जुनी मोरगावच्या बसस्टँडजवळ तिचा स्वतःचा स्टुडिओ होता, पण स्वभावात फारसा फरक पडला नव्हता.

तिच्याकडे कॅमेरा नवा होता, लेन्स मात्र जुनी. चोवीस-एकशेपाच. जवळचं, लांबचं, नवरीच्या मेंदीपासून पंगतीच्या शेवटच्या माणसापर्यंत सगळं त्या एकाच लेन्समध्ये निघायचं. गोंदियाच्या एका म्हाताऱ्या फोटोग्राफरने धंदा बंद केला तेव्हा तिने ती त्याच्याकडून घेतली होती. त्याच्याकडे बारा वर्षं आणि हिच्याकडे पाच, इतकी लग्नं त्या लेन्सने पाहिली होती की मंगलाष्टकं तिलाच पाठ झाली असावीत. काच अजून आरशासारखी होती. बिघडली होती ती आतली मोटर. फोटोचं बटण अर्धं दाबलं की ती बारीकशी मोटर आतल्या काचा मागेपुढे सरकवून चेहरा स्पष्ट करते. आता ती मध्येच अडायची, ओरडायची, मनात आलं तर चालायची.

नीतू लेन्स घेऊन गोंदियाला वीरेंद्रकडे गेली. वीरेंद्र कॅमेरे दुरुस्त करायचा. त्याने लेन्स कानाला लावली, बटण दाबलं आणि डॉक्टरासारखा चेहरा केला.

"दीदी, मोटर घिस गई है. अंदर का ग्रीस भी सूख गया. ठंडी रहेगी तो अटकेगी, गरम हुई तो एकदम मक्खन. पर भरोसा मत रखना."

"मग बदलून दे ना."

"पार्ट कहाँ से लाऊँ? इस मॉडेल का माल आना बंद हो गया. खोलूँगा तो और बिगड़ेगी." त्याने लेन्सच्या बाजूचं छोटंसं बटण दाखवलं. "इसको नीचे करो और हाथ से घुमाओ. पुराने लोग कैसे करते थे?"

ते बटण नीतूला माहीत होतं. वर केलं की फोकस मोटर करायची, खाली केलं की मोटर गप्प आणि काम हाताचं. स्थिर उभ्या माणसांचे फोटो तिला तसे काढता यायचे. फोकस जमला की कॅमेऱ्याच्या खिडकीत हिरवा ठिपका लागायचा, तेवढ्यावर ती भागवायची. पण लग्नात स्थिर उभं कोण राहतं? त्यात तिला चष्मा. मे महिन्याची लग्नं कशीतरी निभवायची आणि मग दुसरी लेन्स पाहायची, असं ठरवून ती परत आली.

आणि मग केशोरीचं लग्न आलं.

केशोरीच्या सेवकराम डोंगरवारची मुलगी टीना. नवरा हिमांशु, गोंदियाजवळच्या मुर्रीचा. मुहूर्त सकाळी साडेअकराचा. नीतू स्कूटीवरून आठलाच पोचली. घरासमोर मोठा मांडव होता, वर टिनाचे पत्रे, आणि स्टेजच्या बाजूला कपाटाएवढा कूलर. कूलर असा सुटला होता की नवरीच्या खुर्चीवरचा कपडा उडून जाऊ नये म्हणून त्यावर दोन विटा ठेवल्या होत्या. फोटो काढायला नीतूला उभं राहायचं होतं ते नेमकं त्याच्याच तोंडासमोर.

पाहुणे उतरले. नवरदेवाचे मामा उमराव सगळ्यांच्या पुढे होते. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, तोंडात पान, आणि चेहऱ्यावर सकाळपासूनचा रुसवा. सेवकराम त्यांच्या गळ्यात हार घालत होता. नीतूने कॅमेरा उचलला, बटण अर्धं दाबलं.

"कींऽऽऽ."

हार सेवकरामच्या हातात तसाच राहिला.

"काय है ये?" उमराव म्हणाले. "बाई, तुझा कॅमेरा रडून काऊन राहिला?"

मांडवातली पन्नास-साठ माणसं नीतूकडे पाहायला लागली. फोटोवाल्या बाईचा कॅमेरा खराब आहे, ही बातमी दुपारपर्यंत अख्ख्या तालुक्यात गेली असती. नीतूने विचार केला नाही. तोंड आपसूकच उघडलं.

"रडत नाही, मामाजी. ओळखून राहिला आहे."

"क्या ओळखून राहिला?"

"मनात काही गाठ असली का असाच आवाज करते तो. जुनी लेन्स आहे. दोन मानसं समोर उभी राहिली अन् एकाच्या मनात काही असलं, का फोटोच घेत नाही."

हसावं की काय ते लोकांना कळेना. सेवकराम मात्र घाबरला. तो मुलीकडचा माणूस, आणि पहिल्याच फोटोत कॅमेरा ओरडला! तो हात जोडून म्हणाला, "मामाजी, काही चुकलं का जी आमचं?"

उमरावांनी तोंडातल्या पानाचा रस गिळला. मग जमिनीकडे पाहत म्हणाले, "चुकलं तसं काही नाही. पर सब को चाय मिली, मामा को किसीने पूछा नहीं. अब बोलना अच्छा नहीं लगता, मन में रख लिया."

पुढच्या मिनिटात उमरावांच्या एका हातात चहा होता, दुसऱ्या हातात वड्यांची ताटली, आणि तिसरा हात असता तर त्यातही कोणीतरी काहीतरी दिलं असतं. तोपर्यंत नीतूने अंगठ्याने लेन्सचं बटण हळूच खाली केलं होतं. तिने हाताने कडं फिरवलं, हिरवा ठिपका लागला, आवाज न होता फोटो निघाला.

"पाहा," ती म्हणाली. "आता कसा चूप बसला!"

उमरावांनी वडा तोंडात धरूनच टाळी वाजवली. त्या क्षणापासून ते स्वतःला कॅमेऱ्याचे मालक समजायला लागले.

नीतूला आधी सुटल्यासारखं वाटलं आणि मग गंमत वाटायला लागली. ओरडणं तिच्या अंगठ्यात होतं. बटण वर केलं की लेन्स बोंब मारणार, खाली केलं की मुकाट्याने ऐकणार. मोटरचा आजारच तिच्या उपयोगी पडला होता. मंगलाष्टकं तिने हातानेच फोकस करून निभावली. नवरा-नवरीने एकमेकांना हार घातले तेव्हा मात्र उमराव मागून ओरडले, "टेस्ट करो, टेस्ट करो!" तिने बटण खालीच ठेवलं आणि जाहीर केलं, "पास." मांडवात टाळ्या पडल्या. भटजींनी तिच्याकडे रागाने पाहिलं, कारण त्यांच्या मंत्रांना तेवढ्या टाळ्या मिळाल्या नव्हत्या.

लग्न लागलं आणि स्टेजवर फोटोंची रांग लागली. आता प्रत्येकाला टेस्ट हवी होती. दोन साडू आले, पास. तीन जावा आल्या. त्यांच्यासाठी नीतूने गंमत म्हणून एकदा बटण वर केलं. "कींऽऽ." तिघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि एकाच वेळी म्हणाल्या, "मी नाही!" मांडव हसून लोळायचा बाकी राहिला.

मग सेवकरामचा शेजारी दुर्गाप्रसाद आला. दोघांची धानाची बांधी एकमेकांना लागून. दोघं खांद्यावर हात टाकून उभे राहिले. नीतूचा अंगठा शिवशिवलाच. "कींऽऽऽ."

"अरे, यांच्यात क्या है?" उमराव पुढे सरसावले.

"काहीच नाही," सेवकराम म्हणाला. "आमी तर भावासारखे."

दुर्गाप्रसादचा हात मात्र सेवकरामच्या खांद्यावरून हळूहळू खाली घसरला. शेवटी त्याने घसा साफ केला.

"सेवकराम, दोन सालाआधी परतीच्या पान्याच्या येळी तुझ्या बांधीतलं पानी माह्या बांधीत आलं होतं, आठवते?"

"आठवते ना. खेकड्यानं बांधाच्या पारीले भोक पाडलं होतं."

"खेकड्यानं नाही पाडलं. भोक मीच पाडलं होतं."

सेवकरामने डोक्याला हात लावला. "दोन साल मी त्या खेकड्याले शिव्या देऊन राहिलो," तो म्हणाला. "दोन खेकडे तर म्या रागानं भाजून खाल्ले!"

"मी पन होतो ना खायले," दुर्गाप्रसाद बारीक आवाजात म्हणाला.

मग सेवकरामलाच हसू फुटलं, आणि त्याने दुर्गाप्रसादच्या पाठीत असा धपाटा घातला की फोटोत तो पुढे झुकलेलाच आला. नीतूला मात्र हसू येईना. खेळ खेळता खेळता हे भलतंच खरं बाहेर यायला लागलं होतं. पुढच्या माणसाने यापेक्षा मोठं काही कबूल केलं तर? तिने ठरवलं, आता बस. बटण खाली ते खालीच.

तेवढ्यात खुर्चीवरून नवरीने तिला जवळ बोलावलं. टीना पदर नीट करायच्या निमित्ताने वाकली आणि कानात म्हणाली, "नीतूताई, बटन वर केलं का ओरडते, खाली केलं का चूप बसते. बरोबर ना?"

नीतूला घाम फुटला, आणि तोही कूलरसमोर.

"तुले कसं कळलं?"

"दोन घंटे झाले पाहून राहिली. नवरीले दुसरं काम काय आहे इथं?"

"सांगशील का कोनाले?"

"सांगीन. माईकवर." टीनाने मुंडावळ्या सारख्या केल्या. ती नर्सिंग शिकलेली होती आणि सुई टोचताना समोरच्याच्या डोळ्यात पाहायची तिला सवय होती. "नाहीतर माहं एक काम करा."

काम असं होतं. टीनाची आई नंदाबाई आणि टीनाची आत्या सुभद्राबाई, म्हणजे नणंद-भावजय, एकमेकींशी अकरा वर्षं बोलत नव्हत्या. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत गावात नाटक होतं, तेव्हा पुढच्या रांगेत टाकलेल्या चटईवरून बिनसलं होतं. दोघींची घरं एका गल्लीत, विहीर एक, पण बोलणं बंद. सेवकराम मध्ये निरोप्या. या लग्नातही आई स्टेजच्या उजव्या बाजूने वावरत होती आणि आत्या सकाळपासून स्वयंपाकाच्या मांडवात कढईपाशी ठाण मांडून बसली होती.

"मले एक फोटो पायजे," टीना म्हणाली. "दोघी एका फोटोत. कॅमेरा ओरडला तर लोकं सोडणार नाही त्यायले. कबूल करून घेतीन, मंग बोलतीन."

"अन् नाही बोलल्या तर?"

"तर मी माईक घेतो."

नीतूने मान डोलवली. तिने उमरावांना नुसतं एवढंच सांगितलं, की आता नवरीची आई आणि आत्या यांचा फोटो. केशोरीच्या लोकांना दुसरं काही सांगायची गरज नव्हती. जेवायला बसलेली माणसं ताटं सोडून उठून आली. दोन जण सुभद्राबाईंना बोलवायला धावले.

नेमकी तेव्हाच लाईन गेली.

कूलरचा पंखा घरघरला आणि थांबला. जनरेटर होता, पण तो डीजेला जोडलेला. सुभद्राबाई काही लवकर येईनात. "कढी उतू जाईल, कोन पाहील?" असा निरोप आला. मग कढीला माणूस मिळाला, मग त्यांना साडी बदलायची होती. वरचे टिनाचे पत्रे तापून त्यांतून भट्टीसारखी झळ उतरायला लागली. नीतू कॅमेरा तिपाईवर लावून पदराने वारा घेत उभी राहिली. पंधरा-वीस मिनिटांनी सुभद्राबाई आल्या. साठीच्या, उंच, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि ओठ असे मिटलेले की त्यांतून सुईसुद्धा गेली नसती.

नंदाबाई नवरीच्या उजव्या हाताला उभी राहिली. सुभद्राबाई डाव्या टोकाला, मांडवाच्या खांबाला चिकटून. दोघींच्या मध्ये एक बैल बांधता आला असता. नंदाबाई कूलरकडे पाहत होती, सुभद्राबाई पत्र्यांकडे.

मांडव चिडीचूप झाला. नीतूने अंगठ्याने बटण वर केलं. टीनाने तिच्याकडे पाहून पापणी लववली. नीतूने फोटोचं बटण दाबलं.

आवाज आला नाही.

काच लोण्यासारखी सरकली, ठिपका हिरवा झाला, आणि बोट दाबलेलंच होतं म्हणून फोटोही निघून गेला. टिक.

नीतूने पुन्हा दाबलं. टिक. पुन्हा. टिक, टिक. लेन्स जशी आजच दुकानातून आली होती. कूलर बंद, वर तापलेले पत्रे, आणि वीरेंद्रचं "गरम हुई तो एकदम मक्खन" तिला आठवलं तेव्हा वेळ निघून गेली होती.

"पास!" उमराव ओरडले. "दोनों के मन में कुछ नहीं! एकदम साफ!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. कोणीतरी शिट्टीही मारली.

"काही नाही कसं?"

हे नंदाबाई बोलली. टाळ्या अर्ध्यातच थांबल्या.

"काही नाही कसं जी? अकरा वर्सं झाले! यायनं मंडईच्या नाटकात माही चटई उचलून मागं टाकली. मले खांबामागं बसा लागलं. अर्धं नाटक मी खांबच पाह्यला!"

"चटई मी उचलली, टाकली नाही," पलीकडून सुभद्राबाईंचा आवाज आला. पत्र्यांवरची नजर खाली आली होती. "अन् राग नाही मनजे काय? अकरा वर्सं मी तोंड शिवून बसली, ते का उगाच? त्या डब्ब्याले काय कळते! नंदा, सांग या लोकायले. तू माह्याशी बोलतेस का?"

"नाही बोलत!" नंदाबाईने ठणकावून सांगितलं.

"कवापासून?"

"तुमाले माहीत नाही का कवापासून?"

"मले माहीत आहे. यायले सांग!"

सेवकराम सवयीने पुढे झाला. "नंदा म्हणते का—"

"मले ऐकू येते!" सुभद्राबाई त्याच्यावर खेकसल्या. "ती का म्हणते ते मी उभ्या उभ्या ऐकून राहिली. तू बस खाली."

सेवकराम खाली बसला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्याला काही काम उरलं नव्हतं.

"मधात एकदा बोलली होती मी," नंदाबाईला आठवलं. प्रामाणिक बाई, जे आहे ते सांगणारी. "सासूबाई गेल्या तवा. 'पानी द्या' मनलं होतं."

"अन् म्या दिलं नव्हतं."

"दिलं होतं, बाई. पन गरम दिलं होतं."

"माठच फुटला होता त्या दिशी! थंडं कुठून आनू?"

"हे आता सांगता का अकरा वर्सांनी?"

"तू इचारलंस का कवा?"

बोलता बोलता दोघी एकेक पाऊल पुढे येत होत्या आणि मधली जागा कमी होत होती. बैल सोडा, आता तिथे शेळीही मावली नसती. मांडवात हसू दाबणाऱ्यांच्या पाठी हलायला लागल्या होत्या. टीनाने पदर तोंडात कोंबला होता आणि नवरदेव हिमांशु सासूसमोर हसावं की नाही हे न कळून लाल झाला होता.

"इकडं दाखव तो फोटो," सुभद्राबाईंनी हुकूम सोडला. नीतूने तिपाईवरून कॅमेरा काढून पडदा समोर धरला. दोघींनी माना घातल्या.

"हे माहं तोंड पाहा," सुभद्राबाई बोट ठेवून म्हणाल्या. "हे का प्रेमाचं तोंड होय?"

"अन् माहं पाहा न. माहं तर तुमच्यापेक्षा जास्त सुजलं आहे."

"हो. तुझं जास्त आहे," सुभद्राबाईंनी नाइलाजाने मान्य केलं. "ए पोरी, पुन्हा घे. आमी इथं अशा जवळ उभ्या राहातो. आता ओरडला नाही ना, तर त्याले तलावात टाकतो."

दोघी खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या. राग दिसावा म्हणून सुभद्राबाईंनी भुवया चढवल्या, नाक फुगवलं, ओठ आवळले. नंदाबाईने, आपला राग पुरेसा होतोय की नाही हे पाहायला, शेजारी नजर टाकली. सुभद्राबाईंचं ते फुगलेलं नाक बोटभर अंतरावरून तिने अकरा वर्षांत पाहिलं नव्हतं. तिला एक हुंदक्यासारखं काहीतरी आलं, आणि ते हसूच निघालं. हसता हसता तिने आधाराला नणंदेचा दंड धरला. सुभद्राबाई म्हणाल्या, "हसू नोको, फोटो बिघडते," आणि मग त्यांचेही आवळलेले ओठ सुटले.

नीतूने बटण दाबलं. मोटरने आवाज केला नाही. दोन्ही चेहरे, दोन्ही कुंकवं, नंदाबाईच्या डोळ्यातलं पाणीसुद्धा, सगळं लख्ख आलं.

दोघींचा समेट झाला असं मात्र कोणी म्हणू नये. त्या तिथून उठून पंगतीला शेजारी बसल्या, त्या भांडण अर्धवट राहिलं होतं म्हणून. चटईपासून माठापर्यंत, माठापासून कोणाच्या तरी कानातल्यापर्यंत, जेवण संपेस्तोवर सगळं निघालं.

नीतू कोपऱ्यात ताट घेऊन बसली होती. तिच्यासमोर एक उंच सावली आली. सुभद्राबाई वड्यांची परात घेऊन उभ्या होत्या.

"पोरी," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "माह्या घरी धान कांडायची मशीन आहे. एकवीस वर्सं झाले, मीच चालवतो. हिवाळ्यात सकाळी सकाळी तिचा पट्टा असाच ओरडते. तापली का चूप बसते. तुझ्या डब्ब्यात का देव बसला आहे?"

 नीतूने हातातला घास ताटात परत ठेवला. "मोटर खराब आहे, आत्या," ती म्हणाली. वेळ मारून न्यायला काहीही सुचत नव्हतं, आणि सुचवावंसंही वाटत नव्हतं. "मले लाज आली म्हणून खोटं बोलली. माफ करा जी."

"मी तर पहिल्याच आवाजाले ओळखलं होतं, तिकडं कढईपाशी."

"मग बोलल्या काऊन नाही?"

"दुर्गाप्रसाद त्या भोकाचं कबूल करून राहिला होता ना. ते ऐकायचं होतं." त्यांनी नीतूच्या ताटात दोन वडे टाकले. "अन् फोटोच्या येळी मले खराखुरा राग आला. मशीनचं सोड. पन एवढी लोकं टाळ्या वाजवून राहिली का माह्या मनात काही नाही! अकरा वर्सं मेहनत केली म्या त्या रागावर."

एवढं बोलून त्या पुढच्या पंगतीकडे गेल्या. जाताना वळून म्हणाल्या, "ते पोरीचं जाणं नीट काढजो. तवा नाटक नोको."

नीतूने नाटक केलं नाही, मोटरने केलं. चारच्या सुमारास नवरीची पाठवणी होती. टीना आईच्या गळ्यात पडली आणि नीतूने बटण दाबलं, तर आतून "कट्" असा एक कोरडा आवाज आला. त्यानंतर ना कीं, ना टिक. गरम असूनही नाही आणि झटकूनही नाही. सतरा वर्षांची ती मोटर केशोरीच्या मांडवात गेली.

नीतूने चष्मा डोक्यावर सरकवला, डोळा कॅमेऱ्याला चिकटवला आणि कडं हाताने धरलं. टीना आईकडून वडिलांकडे, वडिलांकडून आत्याकडे जात होती, आणि नीतूचं बोट कड्यावर तिच्या मागे मागे. ठिपका लागायचा, जायचा, लागायचा. ती सरपटत गाडीच्या बोनेटपर्यंत गेली, कोणाच्या तरी पायावर पाय दिला, शिवी खाल्ली, पण डोळा काढला नाही. त्या दिवशी रात्री घरी मोजलं तर चाळीस फोटोंपैकी अकरा ठीक आले होते. त्यांतला एक, ज्यात सुभद्राबाई टीनाचं तोंड दोन्ही हातात धरून काहीतरी सांगताहेत, तो नीतूने आपल्या स्टुडिओच्या काचेत लावला. मोटर धड असती तर आपण इतकं लक्ष देऊन पाहिलं असतं का, असं तिला वाटून गेलं. मग तिने दुसऱ्या लेन्ससाठी वीरेंद्रला फोन केला.

आठ दिवसांनी मुर्रीहून उमरावांचा फोन आला. त्यांच्या मोठ्या भावाशी शेताच्या बांधावरून वाद होता.

"बाई, वो कॅमेरा लेके आ जाओ. भाई को सामने खड़ा करते हैं."

"मामाजी, कॅमेऱ्यात तसं काही नव्हतं. लेन्सची मोटर खराब होती. आता तर ती मेली."

"मोटर-बिटर मत बताओ. मेरे को चाय का सही बताया था उसने."

नीतूने तीन वेळा समजावलं. ज्या माणसाला एका वाक्यात खोटं पटलं होतं, त्याला तीनदा सांगूनही खरं पटेना. शेवटी ती म्हणाली, "मामाजी, भाऊजींना आधी चहाले बोलवा. मग पाहू." त्याचं पुढे काय झालं ते तिला कळलं नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ती अल्बम द्यायला केशोरीला गेली. नंदाबाईच्या ओसरीवर सुभद्राबाई आधीच बसलेल्या होत्या. दोघींनी अल्बम मांडीवर आडवा घेतला, एक पान एकीच्या मांडीवर, एक दुसरीच्या. तो हसणारा फोटो आला तेव्हा दोघीही जरा थांबल्या.

"हा मोठा करून दे," नंदाबाई म्हणाली. "माह्या भिंतीले लावतो."

"तुझ्या भिंतीले ओल आहे. माह्या घरी लावू."

"मी कायले येऊ तुमच्या घरी फोटो पाहाले?"

"मंग मी कायले येऊ?"

"दोन काढून देते न जी," नीतू म्हणाली.

पण दोन कशाला, हा मुद्दा दोघींनाही मान्य नव्हता. एकच फोटो हवा होता आणि तो आपल्याच घरी हवा होता. चहा आला, निवला, दुसरा आला, तरी भिंतीचा निकाल लागेना. नीतूने मग एक केलं. मोठा फोटो तिने काढला, चौकट करून घेतली, आणि सरळ मुर्रीला टीनाच्या घरी पाठवून दिला. केशोरीला निरोप दिला, की फोटो पाहायचा असेल तर दोघींनी मिळून गोंदियाची गाडी धरावी.

दोघी गेल्या. दोन दिवसांसाठी म्हणून गेल्या होत्या. सहाव्या दिवशी टीनाचा फोन आला. मागून दोन बायकांचा एकाच वेळी बोलण्याचा आवाज येत होता, आणि मधूनच उमरावांचाही.

"ताई," टीना म्हणाली, "या दोघी माह्या सासूले वडे कसे करायचे ते शिकवून राहिल्या. दोघींच्या दोन तऱ्हा. सासू माही आता कोनाशीच बोलून नाही राहिली. तुमी या न लवकर, अन् यायले घेऊन जा."